स्फुरण, चाळा आणि लकब

उजवा डोळा लवला की पुरुषास शुभ, डावा लवला की स्त्रीस शुभ, हा समज आपल्याकडे जुना आहे. कालिदासाचा दुष्यंत आश्रमात प्रवेश करतो तेव्हा त्याचा उजवा बाहू स्फुरतो. चिकित्सकास मात्र शकुन बाजूला ठेवून स्फुरणाची जात ओळखावी लागते. केसपेपरवर ‘वातप्रकोप’ एवढेच लिहिणे हे निदान नव्हे.

निमेष-उन्मेष हे व्यानवायूचे कर्म वाग्भटांनी सांगितले आहे. जागरण, शीण, चहा-कॉफीचा अतिरेक यांमुळे एका डोळ्याची, बहुधा खालची, पापणी काही दिवस फडफडते व निदानपरिवर्जनाने थांबते. सुश्रुतोक्त ‘निमेष’ वेगळा. तो असाध्य वातज नेत्ररोगांत गणला आहे. हातापायांच्या स्फुरणासोबत बलहानी व मांसक्षय असेल, तर अभ्यंग-बस्तीत दिवस न घालवता रुग्णास मज्जासंस्थातज्ज्ञांकडे पाठवावे.

खरी गफलत होते ती मुलांच्या बाबतीत. पाच-सात वर्षांचे मूल वारंवार डोळे मिचकावते, खांदा उडवते, घसा खाकरते. घरी ती ‘वाईट खोड’ ठरते आणि रागावणे, प्रसंगी मारणे सुरू होते. वास्तविक, शिंकेपूर्वी नाकात हुळहुळावे तशी अस्वस्थता आधी जाणवते, हालचाल केली की क्षणभर बरे वाटते, असे जरा मोठी मुले स्वतःच सांगतात. म्हणून मूल शाळेत काही वेळ ते आवरते आणि घरी आल्यावर चाळा उसळतो. पालकांस वाटते, मुद्दाम करतो. चरकोक्त तेरा अधारणीय वेगांत हा नाही. परंतु क्षवथूशी असलेले त्याचे साम्य पालकांच्या चटकन ध्यानी येते. तंद्रीत केस बोटाला गुंडाळत बसणे, ही निव्वळ लकब; ती निराळी.

स्नायूंचे अनेक चाळे व आवाजाचा किमान एक, असे वर्षाहून अधिक काळ टिकल्यास त्या विकारास टुरेट यांचे नाव आहे. या फ्रेंच वैद्याने १८८५ साली त्याचे वर्णन केले. दहा-बाराव्या वर्षाच्या सुमारास जोर वाढतो, पुढे बहुतेकांचा ओसरतो. हे पालकांस आधीच सांगून ठेवावे, अन्यथा ते ऐन त्या वयात वैद्य बदलत फिरतात! चाळ्याची चाहूल ओळखून विरुद्ध हालचाल करण्याची, अझ्रिन व नन यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत उपयुक्त आहे. शिरोभ्यंग, नस्य आदी उपक्रम वाचकांस परिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे करीत नाही. तज्ज्ञांनी सुरू केलेले औषध मात्र परस्पर बंद करू नये.