कोलकाता : तीन तास पायी, पाऊण तास पाण्यावर

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला नाहीतर बेळगावला, आजचा फेरफटका कधीतरी स्वतःच्या पायांनी करा. नोकरीत असताना मी फोर्ट विल्यममध्ये दोन वर्षं होतो. ऑफिस, मेस, परेड ग्राउंड, एवढंच माझं कोलकाता. तिथून अर्ध्या तासावरचे हे मोहल्ले मी पाहिले ते निवृत्तीनंतर.

दिवस रविवारचा घ्या. बडा बाजारातली बरीचशी दुकानं बंद असतात, म्हणून चालता येतं. पहाटे सहाला सेंट्रल मेट्रोजवळच्या तिरेट्टा बाजारात पोचा. तिरेट्टा हा १८व्या शतकातला इटालियन गृहस्थ, बाजार त्याच्या नावाचा आणि नाश्ता चिनी! फिश बॉलचं सूप, वाफाळते मोमो, बाओ. आठनंतर गेलात तर रिकामी पातेली दिसतील.

चिनी माणसं इथे १८व्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. सुतारकाम, जोडे, कातडी कमावणं, लाँड्री, दातांचे दवाखाने, अशा धंद्यांत त्यांनी नाव कमावलं. मग १९६२ उजाडलं. आम्हा फौजींना ते साल पाठ असतं. नामका चू, वालाँग, रेझांग ला, प्रत्येक लढाईचे नकाशे आम्ही काढलेले. पण त्याच युद्धात चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना घरांतून उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यांत म्हातारे होते, मुलं होती, इथेच जन्मलेले होते. काही जण चार-पाच वर्षांनी सुटले, तेव्हा घर-दुकान दुसऱ्याच्या हातात गेलेलं. पुष्कळ कुटुंबं पुढे कॅनडाला गेली. सीमेवर शत्रू ओळखणं सोपं असतं, तो समोर असतो. गल्लीत ती चूक फार महागात पडते. सूप पिताना मी हे प्रथम वाचलं आणि वाटी तशीच खाली ठेवली.

तिथून जवळच, रवींद्र सरणीवर नाखोदा मशीद. कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी १९२६ साली पायाभरणी केली, घाट सिकंदऱ्याच्या अकबराच्या कबरीसारखा. नाखोदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा कप्तान. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच! फारसी शब्द एकच, एक कोकणात उतरला, एक हुगलीवर.

आता पश्चिमेकडे, ब्रेबर्न रोडच्या दिशेने चला. लांबून चर्चसारखा उंच मनोरा दिसेल, घड्याळासकट. ते चर्च नव्हे, मागेन डेव्हिड हे ज्यूंचं प्रार्थनागृह, १८८४ सालचं. हे ज्यू आपल्या कोकणातले बेने इस्रायल नव्हेत, बगदाद-अलेप्पोकडून व्यापाराला आलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते चार-पाच हजार होते, आज बोटांवर मोजण्याइतके. शनिवारी बंद असतं. ओळखपत्र जवळ ठेवा, वेळ आधी विचारून घ्या.

दार उघडणारा माणूस मुसलमान असतो. कोलकात्याच्या ज्यू प्रार्थनागृहांची राखण ओडिशातून आलेली मुस्लिम कुटुंबं पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. मला ज्याने आत नेलं, त्याने आधी डोकं झाकायला टोपी दिली, मग चपला कुठे, कॅमेरा कुठे, सगळं शिस्तीत सांगितलं. मी विचारलं, "आता इथे प्रार्थनेला येतं कोण?" तो म्हणाला, "साहेब, कोणी येवो न येवो, झाडू रोज लागतो." फौजेत याला आम्ही पहारा म्हणतो.

दोन गल्ल्या पुढे आर्मेनियन चर्च, १७२४ सालचं, शहरातलं सर्वांत जुनं. अंगणभर थडग्यांचे दगड, त्यांवर आर्मेनियन अक्षरं. यांचा नाताळ ६ जानेवारीला असतो.

मग स्ट्रँड रोड ओलांडून आर्मेनियन घाट. १८५४ साली हावड्याहून रेल्वे सुरू झाली तेव्हा पूल नव्हता. लोक याच घाटावर तिकीट काढून नदी ओलांडत आणि गाडी पकडत. आता नदीखालून मेट्रो जाते, तरी फेरी घ्याच, तिकीट चहाच्या किमतीत पडतं. हुगलीला भरती-ओहोटी असते, धक्का वरखाली होतो. चढता-उतरता मोबाइल खिशात ठेवा.

हावड्याला बोट बदलून बागबाजारची फेरी धरा. फेऱ्या कमी-जास्त होतात, खिडकीवर चौकशी करा. बोट हावडा पुलाखालून जाते, उजवीकडे एकामागून एक घाट लागतात. बागबाजारला उतरून एक पाटी शोधा: मराठा डिच लेन. म्हणजे मराठा खंदक गल्ली.

१७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर आल्या, तेव्हा कलकत्त्याने घाबरून हा खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल झाला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पण गावं लुटली, जाळली. आपला 'बारगीर' तिथे 'बर्गी' झाला आणि अंगाईत जाऊन बसला. पोरं झोपावीत म्हणून आया आपल्या नावाने भीती घालत.

त्या पाटीखाली मी बराच वेळ उभा होतो. सकाळी चिनी माणसाची कथा ऐकून हळहळलो होतो. इथे घाबरवणारे आपणच. जवळच्या टपरीवर चहा घेतला. मालकाने विचारलं, कुठले? म्हटलं, महाराष्ट्र. तो हसला, "बर्गी!" आणि चहाचे पैसे घेईना.

खंदक बुजला, त्यावरून रस्ता गेला. मंडळी, तुमच्या शहरातही अशी एखादी वास्तू असेल, जिची माणसं निघून गेलीत. तिची किल्ली आज कोणाकडे आहे, एवढं या रविवारी विचारून या. जय हिंद.