ढगातलं बिऱ्हाड

'क्लाउड' या शब्दाने आपल्या मंडळातल्या कविमंडळींची दिशाभूल होते, असं माझं मत आहे. त्यात ढगासारखं काहीच नाही. मोठ्या इमारती, आत रांगेने मांडलेले हजारो संगणक आणि ते थंड ठेवायला रात्रंदिवस लागणारी वीज, एवढाच तो प्रकार. मायक्रोसॉफ्टचं असं केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादला केंद्रं सुरू केली. खरं तर ही भाड्याची चाळच! खोली आपली नाही, पण डागडुजीची कटकटही आपली नाही.

ॲमेझॉनने २००६ साली मार्चमध्ये फाइली साठवायची जागा आणि ऑगस्टमध्ये तासावर संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली. तोवर ॲप काढायचं म्हणजे कोड लिहिण्याआधी अंदाज बांधावा लागे: माणसं किती येतील? त्या मापाचा सर्व्हर विकत घ्यायचा, त्याला यूपीएस, एसी, शिवाय सांभाळायला माणूस. जास्त घेतला तर पैसे अडकले. कमी घेतला तर निकालाच्या दिवशी वेबसाइट बसते तशी गत. भाड्याच्या संगणकांनी हे आधीचं भांडवलच काढून टाकलं. फेसबुकने २०१२ मध्ये १ अब्ज डॉलरला इन्स्टाग्राम घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथे अवघी १३ माणसं कामाला होती आणि ॲप ॲमेझॉनच्या संगणकांवर चालत होतं.

पुढचा बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१४ मध्ये 'लॅम्डा' आलं. यात संगणकही भाड्याने घ्यायचा नाही. फक्त कोडचा लहानसा तुकडा देऊन ठेवायचा. हाक आली की तो जागा होतो, काम करतो, पुन्हा झोपतो. पैसे जागेपणाचे, तेही मिलिसेकंदात मोजून. महिन्याला पहिल्या १० लाख हाकांचे तर पैसेच लागत नाहीत. त्यामुळे एक मोठा प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी आम्ही असे तुकडे लिहितो आणि बाकीचं तयार घेऊन जोडतो.

मंडळाचे जुने वार्षिक अंक मोबाईलवर वाचता यावेत म्हणून आम्ही जे ॲप करतोय, त्याचंच उदाहरण घ्या. कुणी स्कॅन केलेलं पान चढवलं की एक तुकडा जागा होऊन त्याची छोटी प्रतिमा बनवतो. दुसरा तुकडा ते पान अक्षरं वाचणाऱ्या तयार सेवेकडे पाठवतो, म्हणजे पुढे शब्द टाकून कविता शोधता येईल. देवनागरी वाचणारं यंत्र आम्ही चौघं तीन वर्षांतही बनवू शकलो नसतो. ते आयतं मिळालं. अर्थात जुन्या छपाईतली जोडाक्षरं बघून त्याचीही बोबडी वळते!

आता भाडेकरूची दुसरी बाजू. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात एका कर्मचाऱ्याने आज्ञा टाइप करताना चूक केली, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद पडले आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य साइट सुमारे चार तास अडखळल्या. त्यांच्या प्रोग्रॅमरांचा यात दोष काय? पण हातावर हात धरून बसण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. शिवाय एकाच कंपनीच्या खास सेवांवर ॲप बांधलं की बिऱ्हाड हलवणं अवघड होतं. कोड बराचसा नव्याने लिहावा लागतो.

आपल्याला तर हा धोका जास्त. आम्ही पुढच्या वर्षी इथे नसू. खातं एखाद्या विद्यार्थ्याच्या कार्डावर असलं आणि त्याने पैसे भरणं सोडलं, तर अंक बंद. म्हणून खातं कॉलेजच्या ईमेलवर काढायचं, डेटाबेस कुठेही हलवता येईल असा पोस्टग्रेस ठेवायचा आणि मूळ स्कॅन दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक ग्रंथालयात, असा माझा आग्रह आहे. खर्चाची सूचनाही लावून ठेवू. मात्र सूचना फक्त कळवते, मीटर आपोआप थांबवत नाही, तेव्हा महिन्यातून एकदा कुणीतरी बिल उघडून बघायलाच हवं.

आणि त्या जोडाक्षरांसाठी मुद्रितशोधन करणारे दहा जण हवे आहेत. कोड येण्याची अट नाही, ऱ्हस्व-दीर्घ यायला हवं.