दोन भाषांमधला दुभाषी

बेळगाव शहराच्या दक्षिणेस, खानापूर रस्त्यालगत, उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत वसलेली आहे. ओतकामाच्या भट्ट्या, लेथ यंत्रे, हायड्रॉलिक यंत्रसामग्री आणि लहानमोठे सुटे भाग यांच्या निर्मितीसाठी ती ओळखली जाते. या वसाहतीत दिवसभर कानी पडणारी भाषा मात्र एक नसते. भट्टीपाशी मराठी, दारावर कन्नड, दूरच्या गिऱ्हाइकाशी हिंदी आणि कागदोपत्री इंग्रजी असा तेथील नित्याचा व्यवहार आहे. साहजिकच अनुभवी फोरमनला आपल्या कामाबरोबर दुभाष्याचेही काम करावे लागते. दुभाषी चांगला असला म्हणजे तो मध्ये आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण त्याने एक शब्द गाळला किंवा एका आकड्याचा अर्थ बदलला, तर दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही माल चुकतो आणि दोष कोणाचा हे कोणालाच कळत नाही.

अशाच जातीचा एक दुभाषी आज असंख्य कार्यालयांच्या संगणकांत बसलेला आहे. कारखान्याचा माल, कामगारांची हजेरी, बँकेतील खाती, शाळेतील गुणपत्रके या सर्वांच्या नोंदी त्याच्या हातून जातात. त्याला संगणकशास्त्रात मॅपिंग लायब्ररी असे म्हणतात. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. अनेकांना पुन्हा पुन्हा लागणारे काम एकदाच लिहून ठेवलेला, कोणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घ्यावा असा तयार संच, एवढाच त्याचा अर्थ. हा दुभाषी कोणत्या दोन भाषांमध्ये मध्यस्थी करतो, त्याच्या चुका कशा होतात आणि त्या दुरुस्त करणे वाटते तितके सोपे का नसते, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिली भाषा तक्त्यांची. १९७० साली आय.बी.एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने असा विचार मांडला, की कितीही मोठी माहिती आडव्या ओळी आणि उभे रकाने यांच्या साध्या तक्त्यांत बसविता येते आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध केवळ क्रमांकाने जोडता येतो. गिऱ्हाइकाचे नाव व पत्ता एका तक्त्यात एकदाच लिहावयाचा. बिलांच्या तक्त्यात फक्त त्या गिऱ्हाइकाचा क्रमांक द्यावयाचा. आजचे बहुसंख्य डेटाबेस याच विचारावर उभे आहेत.

दुसरी भाषा वस्तूंची. नॉर्वेमधील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात सिम्युला ही संगणकभाषा घडविली. तीत प्रोग्रॅममधील गोष्टी सजीव वस्तू असल्याप्रमाणे कल्पिता येतात. बिल ही एक वस्तू. तिच्या पोटात गिऱ्हाईक, मालाची यादी आणि एकूण रक्कम. बिलाला त्याचे गिऱ्हाईक कोण असे विचारावे आणि त्याने सांगावे, अशी ही रीत. पुढे जावा, पायथन इत्यादी भाषांनी हीच रीत उचलली.

अडचण अशी, की तक्त्याला पोट नसते आणि वस्तूला रकाने नसतात. तेव्हा प्रोग्रॅममधील वस्तू तक्त्यातील ओळीत उतरविणे आणि ओळीतून पुन्हा वस्तू उभी करणे, हे भाषांतर कोणीतरी केलेच पाहिजे. जावा भाषेसाठी गॅव्हिन किंग यांनी २००१ साली सुरू केलेली हायबरनेट आणि पायथन भाषेसाठी मायकेल बायर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेली एसक्यूएलअल्केमी, ही अशा भाषांतराची प्रसिद्ध साधने होत. ती कोणालाही मोफत वापरता येतात आणि जगभरचे लोक तीत सुधारणा सुचवितात.

उद्यमबागेतील ओतारी माणसास लायब्ररीचे महत्त्व एका शब्दात सांगता येईल. ती म्हणजे पॅटर्न होय. एखाद्या कास्टिंगमध्ये फुगा राहिला तर एक नग वाया जातो. पण पॅटर्नमध्येच खोट असेल तर त्यापासून घेतलेला प्रत्येक नग त्याच जागी खोटा निघतो. एका कचेरीच्या प्रोग्रॅममधील चूक त्या कचेरीपुरती असते. लायब्ररीतील चूक तिच्यावर विसंबणाऱ्या हजारो प्रोग्रॅमांत एकाच वेळी उमटते.

आता चुकांचे स्वरूप पाहू. पहिली चूक रिकाम्या जागेची. समजा, एका कारखान्यात ओतलेल्या नगांच्या वजनाचा तक्ता आहे. काही नग अजून काट्यावर चढलेले नाहीत, म्हणून त्यांच्या वजनाचा रकाना कोरा आहे. आता तक्त्याला विचारले, की ज्यांचे वजन ४० किलो नाही असे नग दाखव. सामान्य माणूस म्हणेल, की कोरे नगही दाखविले जावेत. पण तक्त्यांच्या भाषेत कोऱ्याचा अर्थ शून्य नव्हे, तर 'ठाऊक नाही' असा आहे. आणि जे ठाऊकच नाही ते ४० आहे की नाही, हेही ठाऊक नाही. म्हणून कोरे नग उत्तरातून मुकाट्याने गळतात. उलट, वस्तूंच्या भाषेत तोच प्रश्न विचारला तर ते नग दिसतात. प्रश्न एक आणि उत्तरे दोन! दुभाष्याने अशा वेळी एकच रीत पाळून ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कधी ही आणि कधी ती, असे करता कामा नये.

दुसरी चूक पैशांची. समजा, एका बिलावरील कर १०० रुपये ५ पैसे झाला. माल कोल्हापुरास म्हणजे दुसऱ्या राज्यात गेला, तर १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या पद्धतीप्रमाणे हा कर एकाच रकमेत दाखविला जातो. माल हुबळीस गेला, तर तो केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा निम्मा वाटला जातो. निम्मा म्हणजे ५०.०२५ रुपये. तक्त्यातील रकान्याला दोनच दशांश स्थळे ठाऊक असल्याने तो ५०.०३ असे लिहून घेतो. प्रोग्रॅममधील वस्तू मात्र अजून ५०.०२५ धरून बसलेली असते. पडद्यावरची बेरीज १००.०५ आणि दप्तरातील १००.०६. एका पैशाने कोणी भिकेस लागत नाही हे खरे. पण वर्षअखेरीस हिशेब जुळेना म्हणजे त्या एका पैशाच्या शोधात कारकुनाच्या रात्री जातात.

तिसरी चूक दोन हातांची. कोठारात १०० नग आहेत. दोन कारकून एकाच क्षणी तो आकडा वाचतात. एक ३० नग पाठवून ७० लिहितो. दुसरा २० नग पाठवून ८० लिहितो. प्रत्यक्षात ५० नग उरले, पण दप्तर ८० सांगते. यावर उपाय म्हणून प्रत्येक ओळीस एक आवृत्ती-क्रमांक देतात. पहिल्या कारकुनाने लिहिताच ७ चा ८ होतो. दुसऱ्याने 'आवृत्ती ७ असेल तरच बदल' असे म्हटल्यामुळे त्याचा बदल होतच नाही. येथे लायब्ररीचे कर्तव्य असे, की तिने त्यास ताबडतोब सांगावे, 'बाबा रे, तुझी नोंद झाली नाही. पुन्हा वाचून पाहा.' एकही ओळ बदलली नसताना तिने 'नोंद झाली' असे उत्तर दिले, तर तो सर्वांत वाईट दोष. कारण आरडाओरड करणारी चूक परवडते, मौन पाळणारी परवडत नाही.

चौथी चूक खास आपल्या लिपीची. 'कुऱ्हाडे' या आडनावातील ऱ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठविता येते: एकतर स्वतंत्र अक्षर म्हणून, नाहीतर साधा र आणि त्याखालचा नुक्ता अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात आणि युनिकोडच्या नियमानेही ती समानच मानावयाची आहेत. परंतु लायब्ररीने किंवा डेटाबेसने ती आधी एकरूप करून घेतली नाहीत, तर यंत्राच्या लेखी ही दोन निराळी आडनावे ठरतात. मग एखादा कामगार आपल्या जमा रकमेची चौकशी करावयास येतो आणि त्याला उत्तर मिळते, की या नावाचा मनुष्यच येथे नाही. तो समोर उभा असतो, पण दप्तरात नसतो. अशा वेळी दोष अक्षराचा राहात नाही. तो अन्याय होतो.

पाचव्या प्रकारात उत्तर बरोबर असते, रीत चुकीची असते. २०० बिलांची यादी गिऱ्हाइकांच्या नावांसह मागितली असता, काळजी न घेतल्यास लायब्ररी आधी एकदा बिले आणते आणि मग प्रत्येक बिलाच्या गिऱ्हाइकासाठी डेटाबेसकडे निराळी खेप घालते. म्हणजे एका शिपायाने दप्तरखान्यात २०१ खेपा घालाव्यात तसे. दहा बिले असताना हा दोष दिसत नाही. कारखाना वाढला म्हणजे तो डोके वर काढतो.

अशा दोषांची दुरुस्ती कशी होते? पहिली पायरी म्हणजे तो दोष हवा तेव्हा पुन्हा घडवून दाखविणे. 'कधी कधी चुकते' ही तक्रार झाली, निदान नव्हे. वैद्य ज्याप्रमाणे रोग्याच्या सांगण्यातून मुख्य लक्षण वेगळे काढतो, त्याप्रमाणे हजारो ओळींच्या प्रोग्रॅममधून दोष दाखविणारा दहा ओळींचा नमुना वेगळा काढावा लागतो. दुसरी पायरी चाचणीची. कारखान्यात भोक योग्य मापाचे आहे की नाही हे पाहावयास गेज असतो. तो एकदा बनविला म्हणजे पुढच्या प्रत्येक नगास लावता येतो. तद्वत, सापडलेल्या प्रत्येक दोषासाठी एक कायमची चाचणी लिहून ठेवतात. दुरुस्तीपूर्वी ती नापास झाली पाहिजे आणि दुरुस्तीनंतर उत्तीर्ण. तसे झाले तरच दुरुस्ती नेमकी त्याच दोषाची झाली असे म्हणता येते, आणि तोच दोष पुन्हा शिरला तर तो दारातच अडविला जातो.

एवढे करूनही सर्वांत बिकट भाग उरतोच. पॅटर्न कित्येक वर्षे दोन मिलिमीटर मोठा होता असे समजा. गिऱ्हाइकाने तक्रार न करता आपले जिग त्या मापास बसवून घेतले. आता ओतकाम करणाऱ्याने एके दिवशी न सांगता पॅटर्न सुधारला, तर बरोबर मापाचा माल गिऱ्हाइकाच्या जिगमध्ये बसणार नाही! लायब्ररीचेही असेच आहे. जुन्या चुकीवर कोणीतरी विसंबून असतो. म्हणून चूक सुधारणे जितके आवश्यक, तितकेच ती कशी सुधारली हे वेळेवर सांगणे आवश्यक.

एसक्यूएलअल्केमीच्या इतिहासात याचे चांगले उदाहरण सापडते. या लायब्ररीत वस्तूंच्या बाजूने प्रश्न विचारण्याची एक रीत आणि तक्त्यांच्या बाजूने विचारण्याची दुसरी रीत, अशा दोन रीती अनेक वर्षे चालत आल्या होत्या. दोन्ही उपयोगी, पण विसंगत. त्या एक करावयाचे ठरल्यावर कर्त्यांनी जुने एकदम मोडले नाही. मार्च २०२१ मध्ये १.४ ही संक्रमणाची आवृत्ती काढली. तीत जुनी रीत चालत असे, पण पुढे काय बंद होणार आहे याची सूचना मागितल्यास मिळत असे. जानेवारी २०२३ मध्ये २.० ही आवृत्ती आली, तेव्हा सावध माणसांची तयारी आधीच झाली होती. सुमारे दोन वर्षांचा हा अवधी म्हणजे दिरंगाई नव्हे. ते दुसऱ्याच्या कामाविषयीचे सौजन्य होय.

सीमाभागातील वाचकांस हा प्रश्न परका वाटू नये. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची सरकारी नावे बदलली आणि इंग्रजी कागदोपत्री बेळगावचे रूपही पालटले. ज्यांच्या तक्त्यांत शहराचा क्रमांक होता आणि नाव एकाच ठिकाणी लिहिलेले होते, त्यांना एक ओळ बदलून भागण्यासारखे होते. ज्यांनी प्रत्येक बिलावर आणि प्रत्येक पत्त्यात नाव पुन्हा पुन्हा लिहून ठेवले होते, त्यांच्या दप्तरात एकच गाव दोन नावांनी नांदू लागणे अटळ होते. एक सत्य एकाच ठिकाणी लिहावे, हा कॉड यांच्या विचारातून निघणारा धडा अशा प्रसंगी पटतो.

जमिनीच्या उताऱ्यांची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. कर्नाटकात एकविसाव्या शतकाच्या आरंभी 'भूमी' योजनेखाली सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आले; महाराष्ट्रातही पुढे सातबारा संगणकावर गेला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १५५ व्या कलमात लेखनातील चूक दुरुस्त करण्याची तरतूद आहे. जमिनीच्या दप्तरातील बदल खाडाखोड करून होत नाही. फेरफाराची नोंद होते, तिला क्रमांक मिळतो, आणि आधी काय होते व नंतर काय झाले हे दोन्ही वाचता येते. चांगली लायब्ररी सांभाळणारे लोकही असेच करतात. प्रत्येक आवृत्तीबरोबर कोणता दोष गेला आणि कोणते वर्तन बदलले, याची यादी ते प्रसिद्ध करतात.

उद्यमबागेजवळच गोगटे तंत्रमहाविद्यालय आहे आणि बेळगाव हेच विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्य ठिकाण आहे. तेथे शिकणाऱ्या तरुणांना नवे काहीतरी उभारण्याची हौस असते आणि ती योग्यच आहे. परंतु दुसऱ्याने उभारलेल्या वस्तूतील बारीक खोट शोधणे, ती सिद्ध करणे आणि कोणाचे काम न मोडता काढून टाकणे, हीही विद्याच आहे. या कामास नाव मिळत नाही. दुभाषी नीट बोलू लागला म्हणजे लोक त्यास विसरतात. खिडकीशी उभ्या असलेल्या कामगाराला आपले आडनाव दप्तरात पहिल्याच शोधात सापडते, तो आपली रक्कम समजून घेतो आणि घरी जातो. मध्ये कोणी दुभाषी होता, हे त्याला ठाऊकही नसते.