टोरांटोची ट्राम : वर नवी तार, खाली नवा थांबा

मुंबईत विजेवरील ट्राम १९०७ साली धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी ती बंद झाली. त्या काळात जगातील अनेक शहरांनी ट्रामला असाच निरोप दिला. कॅनडातील टोरांटो शहरातही ती क्रमाक्रमाने बंद करण्याचे धोरण होते; परंतु नागरिकांच्या आग्रहामुळे तेथील परिवहन आयोगाने १९७२ साली ते बदलले व बहुतेक मार्ग कायम राखले. पुढे या जुन्या व्यवस्थेत नव्या गाड्या आणण्याची वेळ आली, तेव्हा केवळ गाड्या विकत घेऊन भागण्यासारखे नव्हते.

३१ ऑगस्ट २०१४ रोजी स्पॅडायना मार्गावर पहिल्या नव्या गाड्या धावल्या. जुनी गाडी सुमारे १५ मीटर लांब व उंच पायऱ्यांची होती. नवी ३० मीटर लांब, पाच भाग जोडून केलेली, चार दारांची आणि रस्त्यापासून थोड्याच उंचीवर तळ असलेली आहे. मात्र तिच्या डोक्यावरची तार आणि दारापुढचा रस्ता, दोन्ही जुन्या गाडीच्या मापाचे होते.

प्रथम तारेचा विचार करू. जुनी गाडी छतावरील लांब दांड्याने वीज घेई. दांड्याच्या टोकाशी खाच असे व तीत तार बसे. फाट्यावर किंवा वळणावर दांडा निसटला की गाडी जागीच थांबे. मग चालकाने खाली उतरून, मागे जाऊन दोरीने तो पुन्हा तारेवर बसवावयाचा. मुंबईच्या लोकल गाडीवर दिसतो तो पँटोग्राफ याहून सोयीचा. त्याची रुंद पट्टी तारेला खालून टेकते, त्यामुळे निसटण्याची धास्ती फारशी उरत नाही. परंतु दांड्यासाठी बसविलेले फाट्यांवरील जोड या पट्टीला अडतात. शिवाय तार अगदी सरळ असेल तर पट्टी एकाच जागी झिजते. म्हणून तार किंचित नागमोडी ताणावी लागते.

दुसरी अडचण विजेच्या प्रमाणाची. टोरांटोच्या ट्रामला ६०० व्होल्ट एकदिश प्रवाह मिळतो. मुंबईच्या लोकलचा दाब २५,००० व्होल्ट आहे. तेवढीच शक्ती ६०० व्होल्टवर पुरवावयाची तर स्थूलमानाने चाळीसपट प्रवाह लागतो. मोठी, वातानुकूलित गाडी आली की हा भार आणखी वाढतो व जुनी बारीक तार अपुरी पडते. ही सारी दुरुस्ती वाहतूक चालू ठेवून करावयाची होती. म्हणून दांडा व पँटोग्राफ दोन्ही चालतील असे जोड बसवीत एकेक मार्ग बदलण्यात आला. नव्या गाड्यांवरही आरंभी दोन्ही साधने होती. सप्टेंबर २०१७ मध्ये हार्बरफ्रंट मार्गावर पँटोग्राफचा वापर सुरू झाला आणि २९ डिसेंबर २०१९ रोजी जुन्या गाड्यांनी अखेरची फेरी केली.

थांब्यांचे काम मात्र तारेहून अवघड आहे. तार परिवहन आयोगाची. रस्त्यावर महापालिका, जलवाहिन्या, दुकानदार आणि मोटारवाले या सर्वांचा हक्क. येथे रूळ बहुधा रस्त्याच्या मध्यभागी असतात. पदपथावरील उतारूला मोटारींची एक रांग ओलांडून गाडी गाठावी लागते. त्या वेळी मागून येणाऱ्या वाहनाने ट्रामच्या मागच्या दारापासून किमान दोन मीटर अंतरावर थांबावे, असा ऑन्टारिओ प्रांताचा कायदा आहे. तो सर्वच पाळतात असे नाही.

रुंद रस्त्यांवर रुळांलगत उंच फलाट असतात. गाडीची लांबी दुप्पट झाल्याने आखूड फलाट वाढविणे भाग पडले. रॉन्सेसव्हेल्स रस्त्यावर २०११ साली वेगळा उपाय योजण्यात आला. तेथे थांब्यापाशी पदपथच रुळांपर्यंत पुढे आणला असून सायकलस्वार त्या उंचवट्यावरून जातात. उतारू पदपथावरून थेट गाडीत शिरतो.

नव्या गाडीच्या दुसऱ्या दारातून चाकांच्या खुर्चीसाठी उतरती फळी बाहेर येते. फलाट असेल तेथे ती जवळजवळ सपाट राहते. पण जेथे अरुंद रस्त्यामुळे फलाट बांधता येत नाही, तेथे ती लांब करून थेट रस्त्यावर टेकवावी लागते. चढ तीव्र होतो, आणि खुर्चीवरील प्रवासी आत जाईपर्यंत मागची सारी वाहने थांबून राहण्यावरच त्याची सुरक्षितता अवलंबून असते.