कसावा

कसावा (शास्त्रीय नाव: मॅनिहॉट एस्क्युलेंटा) हे एरंडाच्या कुलातील झुडूप असून पिष्टमय मुळांसाठी उष्ण कटिबंधात त्याची लागवड केली जाते. यास टॅपिओका असेही म्हणतात. महाराष्ट्रात हे झुडूप फारसे परिचित नसले, तरी त्याच्या मुळांपासून होणारा साबुदाणा घरोघरी उपवासाला खाल्ला जातो.

उगम व प्रसार

कसाव्याचे मूलस्थान दक्षिण अमेरिका होय. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो आफ्रिकेत नेला. आज नायजेरिया हा त्याचा सर्वांत मोठा उत्पादक देश आहे. भारतात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८०–१८८५) यांनी भाताला पूरक अन्न म्हणून त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी साबुदाण्याची आवक खुंटल्यावर तमिळनाडूतील सेलम परिसरात हा उद्योग वाढीस लागला.

लागवड

खोडाचे तुकडे लावून लागवड करतात. काढणी साधारणपणे ८ ते १२ महिन्यांनी होते. हे पीक हलक्या जमिनीत व अवर्षणातही तग धरते. साचलेले पाणी मात्र त्यास मानवत नाही. काढलेली मुळे दोन-तीन दिवसांतच खराब होऊ लागतात.

विषारी घटक व प्रक्रिया

मुळांत लिनामॅरिन हे द्रव्य असते व त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते. कडू वाणांत त्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून कसावा कच्चा खाऊ नये. सोलणे, भिजवणे, आंबवणे, वाळवणे व शिजवणे यांमुळे विषाचा अंश घटतो. साबुदाण्यासाठी मुळे सोलून, वाटून पिष्ट धुऊन काढतात. ओलसर पिष्टाचे दाणे पाडून ते भाजतात व वाळवतात.

आहारातील स्थान

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर तालुक्यात कुडपणसारख्या डोंगराळ भागातील वरकस जमिनींची पारंपरिक पिके नाचणी व वरी ही होत. कोकणात सुरण, रताळी व करांदे हे कंदही खाल्ले जातात. उपवासाला वरीचा भात व साबुदाण्याची खिचडी दोन्ही चालतात. मात्र वरी हे तृणधान्य असून साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यात ऊर्जा भरपूर, पण प्रथिने नगण्य असतात. खिचडीतील शेंगदाण्याचे कूट ही उणीव काही अंशी भरून काढते. लहान मुलांचा अथवा आजाऱ्यांचा आहार केवळ साबुदाण्यावर अवलंबून ठेवणे त्यामुळे योग्य नव्हे.