धनुष्य : एक वाकणारा बीम!

एस.ओ.एम.च्या पेपरात बीम वाकवून आपण कंटाळतो. पण सुमारे ९,००० वर्षांपूर्वी माणसाने हेच गणित लाकडात सोडवलं होतं! डेन्मार्कमध्ये होल्मेगोर्ड येथे १९४४ साली सापडलेली धनुष्ये एल्मच्या लाकडाची आहेत. एल्म म्हणजे आपल्या वावळ्याच्या कुळातलं झाड. पण एल्मच का? उत्तर शोधताना मला आपलंच पुस्तक आठवलं.

धनुष्य ओढलं की लक्ष्याकडच्या बाजूला, म्हणजे पाठीला, टेन्शन येतं (आपल्यासारखंच) आणि आपल्याकडच्या बाजूला, म्हणजे पोटाला, कॉम्प्रेशन. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. ते लाकूड फोडताना घाम निघतो, पण त्याची पाठ सहजासहजी चिरत नाही.

खोड सरळ, बिनगाठीचं, पीळ नसलेलं निवडावं. टोकांना सरस लावून ते सावलीत वाळवावं; नाहीतर टोकं आधी सुकून तडकतात. साल अलगद काढावी. सालीखालचा थर हीच पाठ. तिला हत्यार लावायचं नाही, कारण तुटलेल्या तंतूपासूनच धनुष्य मोडतं. सगळी तासणी पोटाच्या बाजूने.

खरी गोम इथेच आहे. ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. रुंदी १० टक्के घटवली तर ताठपणा १० टक्के घटतो; जाडी तेवढीच घटवली तर चक्क २७ टक्के! म्हणून थोडं तासा, थोडं वाकवा, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहा. जिथे ताठ, तिथेच तासा. पेपरात खाडाखोड चालते. इथे निघालेला छिलका परत चिकटत नाही!