वयाचा दाखला

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्याची राजधानी रॅले आणि ड्यूक विद्यापीठाचे डरहॅम या दोन शहरांच्या मध्ये, विमानतळाला खेटून वसलेल्या मॉरिसव्हिल गावात भारतीयांची वस्ती एवढी वाढली आहे की, तेथील चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर मेजर लीग क्रिकेटचे सामनेही भरले आहेत, आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आजी-आजोबांना संध्याकाळच्या फेरफटक्यात मराठी बोलणारे कोणी ना कोणी भेटतेच. असे एखादे आजोबा मुलाबरोबर किराणा आणावयास गेले आणि बिअरच्या सहा बाटल्यांचा खोका त्यांनी काउंटरवर ठेवला, तर सत्तरी ओलांडलेल्या, डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र झालेल्या त्या गृहस्थांना पैसे घेणारी तरुण मुलगी हसतमुखाने वयाचा दाखला मागते; कारण चेहरा कोणताही असो, दाखला पाहिल्यावाचून मद्य देऊ नये असा कित्येक दुकानांचा शिरस्ताच आहे. तिच्या पाठीशी लावलेल्या पाटीवर त्या दिवसाची मर्यादा लिहिलेली असते: या तारखेस अथवा तत्पूर्वी जन्मलेल्यांनाच विक्री होईल. आजोबा खिशातून आधार कार्ड काढतात, ते चालत नाही. पारपत्र घरी कपाटात राहिलेले असते. आणि बिअर तिथेच ठेवून, दूध-भाजी तेवढी घेऊन मंडळी परततात.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला या प्रकाराचे हसू येते. वास्तविक कायद्याचे पुस्तक उघडले तर महाराष्ट्रच अधिक कडक ठरतो. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा अंमल, नाव बदलून का होईना, आजही चालू आहे. त्याअन्वये कडक मद्यासाठी 25 आणि सौम्य बिअरसाठी 21 वर्षे पुरी व्हावी लागतात, पिणाऱ्याजवळ सरकारी परवाना असावा लागतो, आणि वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत तर मद्यविक्रीच निषिद्ध आहे. बांद्याची सीमा ओलांडून गोव्यात शिरले की कडक मद्याची मर्यादाही 21 वर उतरते. असे असूनही पुण्या-मुंबईच्या परमिट रूममध्ये आपल्याकडे कोणी परवाना मागितला असे एखाद्याने सांगितले, तर त्याचे मित्र ती थाप समजतील. मॉरिसव्हिलमधील मर्यादा कडक मद्यापुरती आपल्याहून चार वर्षांनी खालची आहे, परंतु ती विचारली जाते. आणि दोन समाजांच्या दृष्टीतील खरे अंतर मला आकड्यापेक्षा या विचारण्यात अधिक दिसते.

या विचारण्यामागे सदाचाराची तळमळ आहे असे मात्र कोणी समजू नये. त्यामागे रोकडी धास्ती आहे. 21 वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकणे हा विकणाऱ्याचा फौजदारी गुन्हा असून दुकानाचा परवानाही त्यापायी धोक्यात येतो, आणि राज्याचे अंमलदार कधी कधी अल्पवयीन मुलांनाच खरेदीस धाडून दुकानांची परीक्षा घेतात. विक्रेत्याची सोय म्हणून वाहनचालकाचा परवानाही दोन तऱ्हांनी छापतात: 21 वर्षांखालील चालकाचे कार्ड उभे, त्यावरील वयाचे आडवे, म्हणजे जन्मतारखेची वजाबाकी करण्याआधीच हातातल्या कार्डावरून उमगावे. उपाहारगृहात तर याच कायद्याचे एक चमत्कारिक रूप पाहावयास मिळते. 18 वर्षांच्या मुलाने मद्याचा पेला गिऱ्हाइकाच्या टेबलापर्यंत नेऊन ठेवण्यास हरकत नाही. त्यातला घोट घेण्यासाठी त्याने आणखी तीन वर्षे थांबावे, एवढीच अट.

हा 21 चा आकडा कोणत्याही नीतिशास्त्रातून आलेला नाही, तो रस्त्यावरून आलेला आहे. 1971 मध्ये अमेरिकेच्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 18 झाले, आणि व्हिएतनामच्या रणांगणावर ज्याला मरण्यास धाडता त्याला बिअर नाकारता कशी, या सवालापुढे निरुत्तर होऊन पुढच्या चार-पाच वर्षांत तीसएक राज्यांनी मद्याचे वयही खाली आणले. परंतु राज्याराज्यांचे वय भिन्न असल्याने कडक राज्यातली मुले सैल राज्यात मोटार हाकीत जाऊन पिऊ लागली आणि रात्री त्याच मोटारीने परतताना सीमेवरच्या रस्त्यांवर मरू लागली. 1980 साली कॅलिफोर्नियात एका मद्यधुंद चालकाने तेरा वर्षांच्या मुलीचा बळी घेतला, तिची आई कँडी लाइटनर हिने मातांची संघटना उभारली, आणि त्या चळवळीचा रेटा असा जबरदस्त झाला की, राज्यांच्या कारभारात केंद्राने ढवळाढवळ करू नये असे म्हणणाऱ्या रोनाल्ड रेगन यांनीच 17 जुलै 1984 रोजी राष्ट्रीय किमान वयाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याची रचना मोठी चतुर आहे. मद्याचा विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविलेला असल्याने केंद्राला वय ठरवून देता येत नव्हते. म्हणून जे राज्य 21 वर्षांखालील व्यक्तीस मद्य खरेदी करू देईल त्याला महामार्गांसाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीतून कपात सोसावी लागेल, एवढेच त्यात म्हटले. 19 वर्षांच्या मुलांना हलकी बिअर देणाऱ्या दक्षिण डकोटा राज्याने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि 1987 मध्ये 7 विरुद्ध 2 अशा बहुमताने ते हरले. उत्तर कॅरोलायनाने निकालाची वाट पाहिली नाही. तेथे बिअरचे वय 1983 मध्ये 18 वरून 19 आणि 1986 मध्ये 21 झाले. रस्त्यांच्या पैशासाठी नीती बदलली असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

तथापि मद्याविषयीचा कडवेपणा या राज्याला नवा नव्हता. 26 मे 1908 रोजी तेथील मतदारांनी थेट कौल देऊन संपूर्ण दारूबंदी स्वीकारली, देशव्यापी दारूबंदी येण्याच्या कितीतरी आधी. आणि 1933 मध्ये देशाने ती उठविली तेव्हाही या राज्याने उठविण्याच्या विरुद्ध मत दिले. पुढे 1935 मध्ये विल्सन गावी मद्याचे पहिले सरकारी दुकान उघडले; तेव्हापासून व्हिस्की, रम आदी कडक मद्याच्या बाटल्या तेथे मुख्यतः स्थानिक सरकारी मंडळांच्या दुकानांत मिळतात आणि रविवारी ती दुकाने बंद असतात. योगायोग असा की, त्याच 1908 सालच्या उन्हाळ्यात पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे स्वयंसेवकांचे पहारे बसले होते आणि लोकमान्य टिळकांचे त्या चळवळीस पाठबळ होते. दारूबंदीचा प्रचार करणारे उत्तर कॅरोलायनातील बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि पुण्याचे स्वयंसेवक यांना एकमेकांची वार्ता असणे शक्य नव्हते, तरी दोघांचा शत्रू एकच होता.

परंतु आपल्या मद्यनिषेधाच्या परंपरेत वयाचा विचार जवळजवळ नाहीच. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील सुधाकर हा शिकलासवरलेला, प्रौढ वकील आहे, त्याचा अधःपात होतो तो पहिल्या प्याल्यामुळे, आणि तो प्याला त्याने कितव्या वर्षी घेतला असता तर चालले असते, हा प्रश्न गडकऱ्यांच्या किंवा प्रेक्षकांच्या मनाला शिवत नाही. आपल्या मध्यमवर्गाने दारू हा कुलशीलाचा आणि अब्रूचा प्रश्न मानला. अमेरिकन कायद्याने तो जन्मतारखेचा आणि मोटारीचा मानला. मॉरिसव्हिलमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे या दोन कल्पनांच्या सांध्यावर उभी आहेत, आणि म्हणून तिथली घरे एकमेकांपासून बरीच निराळी आढळतात.

काही घरांत बाटली येतच नाही, आणि आपल्या मुलाने ती बाहेर पाहिली असेल ही शक्यताही बोलली जात नाही. काही घरांत शनिवारी रात्री पुरुषमंडळी तळघरात ग्लास घेऊन बसतात, वरच्या मजल्यावर जेवणाची पाने मांडली जातात, आणि खारे दाणे पोहोचविण्यास आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला “हे मोठ्यांचं आहे, तू वर जा” असे सांगितले जाते. तो वर जातो, परंतु पाहावयाचे ते पाहून जातो. तिसऱ्या प्रकारचे पालक स्वतःला व्यवहारी समजतात. बारावी संपली, पोरे कुठे ना कुठे पिणारच, तर मग गाडीच्या किल्ल्या काढून घेऊन आपल्याच घरी, आपल्या नजरेखाली दोन बिअर पिऊ द्याव्या, असा त्यांचा हिशेब असतो.

या हिशेबाला जगात आधार नाही असे नाही. जर्मनीत आईबाप सोबत असता 14 व्या वर्षी, आणि स्वतंत्रपणे 16 व्या वर्षी, बिअर किंवा वाइन घेता येते; अमेरिकेतच विस्कॉन्सिन राज्यात आईवडिलांच्या सोबतीने अल्पवयीन मुलाला उपाहारगृहातही मद्य घेता येते. उत्तर कॅरोलायनाचा कायदा मात्र आईबापांना अशी सवलत देत नाही: धार्मिक विधीतील घोटासारखे मोजके अपवाद सोडले तर स्वतःच्या घरी, स्वतःच्या मुलाला पेला देणारा बापही शिक्षेस पात्र ठरतो, मग शेजाऱ्यांच्या मुलांची गोष्टच नको. शिवाय 1992 मध्ये हार्ट विरुद्ध आयव्ही या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, नशा चढलेल्या आणि गाडी हाकणार असलेल्या पाहुण्याला पाजणारा खाजगी यजमानही अपघाताच्या नुकसानभरपाईस जबाबदार ठरू शकतो. या प्रदेशात मोटारीवाचून पान हलत नाही. सोळाव्या वर्षी मुलाच्या हाती चाक येते, आणि 21 वर्षांखालील चालकाच्या अंगी मद्याचा अंशही असला तरी तो गुन्हा होतो. प्रौढांना असलेली 0.08 टक्क्यांची मुभा त्याला नाही.

कायद्यावर शंका घेणारेही जवळच आहेत. मॉरिसव्हिलपासून वीसएक मिनिटांवर असलेल्या ड्यूक विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड ब्रॉडहेड यांनी 2008 मध्ये शंभराहून अधिक महाविद्यालय-प्रमुखांसमवेत एका निवेदनावर स्वाक्षरी केली होती; 21 च्या मर्यादेने मुले पिण्याची थांबत नाहीत, ती खोलीची दारे लावून, घाईघाईने आणि बेसुमार पितात, तेव्हा या वयाची पुन्हा खुली चर्चा व्हावी, असा त्याचा आशय. मातांच्या संघटनेने त्यावर कडाडून टीका केली आणि कायदा जागचा हलला नाही. मला स्वतःला उभय पक्षांचे म्हणणे खरे वाटते: रस्त्यावरचे मृत्यू घटले, आणि पिणे वसतिगृहाच्या खोल्यांत शिरले.

विचारणारा कोणी नसला की काय होते, हे मे 2024 मध्ये पुण्याने पाहिले. कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने हाकलेल्या भरधाव पोर्श मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. तो मुलगा त्याआधी पबमध्ये मद्य प्याला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगितले आणि देशभर संताप उसळला. बालकास मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, अशी तरतूद बाल न्याय कायद्याच्या कलम 77 मध्ये तेव्हाही होती. पबवर कारवाई आणि अटकेचे सत्र सुरू झाले ते दोन जीव गेल्यानंतर.

एच-4 या आश्रितांच्या व्हिसावर लहानपणीच आलेल्या मुलांच्या बाबतीत 21 या आकड्याला आणखी एक धार आहे, जी त्यांच्या अमेरिकन वर्गमित्रांना ठाऊकही नसते. ज्या वाढदिवशी त्यांना बिअर विकत घेता येते, त्याच वाढदिवशी ती आईबापांची आश्रित म्हणून देशात राहण्याचा हक्क गमावतात आणि विद्यार्थी-व्हिसा किंवा अन्य मार्ग शोधणे त्यांना भाग पडते. मद्य पिऊन गाडी चालविल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, ही गोष्ट जवळच्या चॅपेल हिल या विद्यापीठाच्या गावी फ्रँकलिन स्ट्रीटवर शनिवारी रात्री मित्रांबरोबर हिंडणाऱ्या मुलाला कोणीतरी आधी सांगितलेली असली पाहिजे.

त्याच बरोबरीने सांगण्याजोगी दुसरी तरतूद उत्तर कॅरोलायनाच्या कायद्यातील, 2013 ची आहे. सोबतचा मित्र अतिमद्यपानाने बेशुद्ध पडला, आणि 21 वर्षांखालील मुलाने प्रामाणिक हेतूने, स्वतःचे नाव सांगून 911 वर मदत मागितली, तर मद्य जवळ बाळगल्याबद्दल वा प्यायल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला जात नाही. बऱ्याच मराठी घरांत ही गोष्ट मुलांना सांगितलेली नसते, कारण ती सांगावयाची म्हणजे आपला मुलगा तशा जागी असू शकतो हे आधी मान्य करावे लागते. आणि मुलाने पेला पाहिलेलाच नाही असे गृहीत धरलेल्या घरात हे बोलणे कोणत्या शब्दांत सुरू करावे, हे आईवडिलांना सुचत नाही.